दिव्याच्या उजेडात निवडुंगाचा बहार

अंगणातल्या कुंडीत ब्रह्मकमळ लावलेले घर आपल्याकडे गावोगाव सापडते. पावसाळ्यात एखाद्या दिवशी कळी फुगलेली दिसली की शेजारीपाजारी सांगणे जाते, ‘आज रात्री फूल उमलणार, या बघायला.’ दहा-अकराच्या सुमारास पाकळ्या उलगडतात, वास सुटतो, घरातल्या बायका हळदकुंकू वाहतात आणि उजाडेपर्यंत फूल मान टाकते. हिमालयातले खरे ब्रह्मकमळ वेगळे. आपल्या अंगणातले हे झाड निवडुंगाच्या कुळातले, मूळचे मेक्सिको आणि मध्य अमेरिकेकडचे.

त्याचाच एक जवळचा भाऊबंद गेल्या काही वर्षांत आपल्या रानात येऊन बसला आहे. तो म्हणजे ड्रॅगन फ्रूट. त्याचेही फूल पांढरे, वीतभराहून मोठे, रात्री उमलणारे आणि सकाळी मिटणारे. गुजरात सरकारने २०२१ साली या फळाला ‘कमलम्’ असे नाव दिले. सांगली जिल्ह्यातल्या जत भागात, सोलापूर जिल्ह्यातल्या सांगोला-पंढरपूरकडे, माळाच्या मुरमाड रानात सिमेंटचे खांब आणि त्यांवर चढलेले हिरवे तिधारी फांद्यांचे झाड आता नवलाचे राहिलेले नाही.

अलीकडे काही बागांतून रात्री दिवे लागलेले दिसतात. ‘दिवे लावा आणि हंगाम नसताना फळ घ्या’ असे सांगणारे विक्रेतेही बांधावर येऊ लागले आहेत. एकरभर दिवे, वायर, टायमर यांचा खर्च थोडाथोडका नाही. त्यासाठी कर्ज काढावे का, असा प्रश्न ज्यांच्या घरात चालू असेल, त्यांच्यासाठी हा लेख. दिवा नेमके काय करतो आणि काय करत नाही, एवढे समजले तर या प्रश्नाचे उत्तर तुम्हाला दुसऱ्या कोणाला विचारावे लागणार नाही.

झाड रात्र मोजते

डाळिंबाचा बहार कसा धरतात हे तुम्हाला ठाऊक आहे. पाणी तोडून बागेला ताण द्यायचा, पानगळ करायची, मग पाणी सोडायचे, की झाड फुलावर येते. मृग बहार, हस्त बहार, आंबे बहार हे सारे आपण पाण्याच्या बळावर धरतो. ड्रॅगन फ्रूटचा बहार मुख्यतः दिवसाच्या लांबीवर अवलंबून असतो. दिवस मोठा आणि रात्र लहान झाली, हवेत ऊब आली, की त्याला कळ्या सुटतात. म्हणून आपल्याकडे त्याची फळे साधारण जूनपासून नोव्हेंबरपर्यंत मिळतात आणि थंडीत झाड नुसते हिरवे उभे राहते.

झाडाला दिवस लहान-मोठा झाल्याचे कळते ही गोष्ट शास्त्रज्ञांनी प्रथम तंबाखूवर पाहिली. अमेरिकेतल्या गार्नर आणि अ‍ॅलर्ड या दोघा शास्त्रज्ञांकडे तंबाखूचा एक वाण होता. उन्हाळ्यात तो माणसाच्या डोक्यावर जाई, पण फुलत नसे. त्याची रोपे त्यांनी रोज ठराविक वेळ अंधाऱ्या खोपटात ठेवली. दिवस असा कृत्रिमपणे लहान करताच तंबाखू फुलला. १९२० साली त्यांनी हे प्रसिद्ध केले. पुढे १९३८ मध्ये हॅम्नर आणि बॉनर यांनी एका तणावर प्रयोग करून दाखवले, की झाड खरे तर दिवस मोजत नाही, रात्र मोजते. लांब रात्रीच्या मध्यावर थोडा उजेड पाडला, की झाडाच्या लेखी ती रात्र मोडते.

ड्रॅगन फ्रूटच्या बागेतला दिवा हेच काम करतो. आपल्याकडे डिसेंबरात रात्र सुमारे तेरा तासांची असते. रात्री दहा ते दोन उजेड ठेवला, की त्या एका मोठ्या रात्रीचे दोन लहान तुकडे होतात. पानाफांद्यांत फायटोक्रोम नावाचे एक रंगद्रव्य असते. तांबड्या उजेडाने ते बदलते आणि त्यावरून झाडाला रात्र लहान झाल्याची खूण मिळते. मग झाड उन्हाळा आला असे धरून कळ्या काढू लागते.

सगळ्या पिकांना मात्र ही खूण सारखी लागू पडत नाही. शेवंतीचे पाहा. तिला फुलायला लांब रात्र लागते. शेवंतीच्या शेडमध्ये रात्री दिवे लावतात ते फुले लांबवण्यासाठी. सोयाबीनही त्याच जातीचे. रस्त्याच्या दिव्याजवळची सोयाबीनची झाडे बाकीचे रान पिवळे पडले तरी हिरवीच राहतात, ती याच कारणाने. तेव्हा शेजारच्या रानात शेवंतीसारखे पीक असेल तर तुमचा उजेड तिकडे सांडणार नाही याची काळजी घ्या. नाहीतर फुले तुमच्याकडे येतील आणि भांडण बांधावर.

निरोपाचा उजेड आणि पोटाचा उजेड

आता मुख्य मुद्दा. उजेडाची झाडाला दोन कामे असतात. एक पोटासाठी, म्हणजे अन्न तयार करण्यासाठी. दुसरे निरोपासाठी, म्हणजे ऋतू ओळखण्यासाठी. पोटाला पुष्कळ उजेड लागतो. निरोपाला अगदी थोडा पुरतो.

भर दुपारच्या उन्हाचा उजेड मोजला तर तो एक लाख लक्सच्या आसपास भरतो. लक्स हे उजेडाचे माप. नऊ वॅटच्या एलईडी दिव्याचा उजेड तीन-साडेतीन फुटांवर शंभर लक्सच्या आतबाहेर असतो. म्हणजे उन्हाच्या हजाराव्या हिश्शाइतका. एवढ्याने निरोप पोचतो, पण झाडाचे पोट मुळीच भरत नाही.

थंड देशांत हौशी लोक निवडुंग आणि कोरफडीसारखी मांसल पानांची झाडे हिवाळ्यात घरात दिव्याखाली वाढवतात. तिथे दिवाच सूर्याची जागा घेतो. म्हणून ते दिवे झाडापासून फूटभरावर टांगतात आणि रोज बारा-चौदा तास चालू ठेवतात. आपल्याकडे सूर्य फुकट मिळतो, त्यामुळे घरच्या कुंड्यांसाठी असा खर्च करण्याची गरज नाही. कुंडीतला निवडुंग लांबट, बारीक आणि फिकट होऊ लागला तर त्याला उजेड कमी पडतो आहे असे समजा आणि आठ-दहा दिवसांत हळूहळू उन्हाकडे सरकवा. एकदम कडक उन्हात ठेवला तर तो भाजतो.

बागेतल्या दिव्याकडून मात्र कोणी पोट भरण्याची अपेक्षा करू नये. तो फक्त सांगतो, ‘दिवस मोठा झाला, फुलावर ये.’ फूल धरायला, फळ पोसायला लागणारे अन्न झाडाने दिवसाच्या उन्हात स्वतः केलेले असावे लागते. हंगामात भरपूर फळे देऊन थकलेल्या, खत-पाणी न मिळालेल्या, फांद्या पिवळ्या पडलेल्या बागेत दिवा लावणे म्हणजे उपाशी बैलाला जुंपण्यासारखे आहे. कळ्या येतील, काही गळतील, राहिलेली फळे बारीक निघतील आणि पुढच्या पावसाळी हंगामात झाड मागे पडेल.

व्हिएतनामात कसे करतात

दिव्यांवरची ही शेती सर्वांत मोठी आहे ती व्हिएतनाममध्ये. तिथे ड्रॅगन फ्रूटला ‘थान्ह लाँग’, म्हणजे हिरवा ड्रॅगन म्हणतात. हे झाड फ्रेंच लोकांनी एकोणिसाव्या शतकात तिथे नेले. फान थियेत शहराभोवतीचा बिन्ह थुआन प्रांत या फळासाठी प्रसिद्ध झाला. २०२५ च्या जुलैपासून हा प्रांत लाम डोंग प्रांतात विलीन झाला आहे. साधारण ऑक्टोबर ते मार्च या काळात तिथल्या बागांतून दिव्यांच्या ओळी पेटतात आणि मैलोन् मैल रान पिवळ्या उजेडाने भरते. प्रवासी मुद्दाम ते पाहायला थांबतात.

पूर्वी तिथे ६० वॅट आणि त्याहून मोठे तारेचे दिवे लावत. विजेवर फार ताण पडू लागला, तेव्हा २० वॅटचे कमी विजेचे दिवे आले आणि पुढे ९ वॅटचे एलईडी. फुलांचे काम तेवढ्यावरही भागते असे दिसून आले. निरोपाला थोडा उजेड पुरतो, याचा हा मोठा पुरावा.

पण व्हिएतनामचे पाहून तसेच्या तसे आपल्याकडे करू नये. फान थियेत विषुववृत्तापासून अकरा अंशांवर, समुद्राकाठी आहे. तिथे हिवाळा नावालाच. आपला सोलापूर-सांगलीचा टापू सतरा अंशांच्या आसपास आणि समुद्रापासून दूर. डिसेंबर-जानेवारीत पहाटे चांगलाच गारठा पडतो. ड्रॅगन फ्रूटला फुलायला लहान रात्रीबरोबर ऊबही लागते. दिव्याने रात्र मोडता येते, थंडी मोडता येत नाही. कडाक्याच्या थंडीत दिवे लावून बसलो तर कळ्या थोड्या येतात आणि आलेली फळेही पिकायला हंगामापेक्षा जास्त दिवस घेतात.

म्हणून आपल्याकडे हंगामाच्या दोन कडांचा विचार करावा. पहिली कड म्हणजे सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर. दिवस लहान होऊ लागलेला असतो, पण हवेत ऊब असते. या वेळी दिवे लावले तर हंगाम पुढे लांबवता येतो. दुसरी कड फेब्रुवारीच्या मध्यापासून. तेव्हा थंडी सरते आणि दिवस अजून लहान असतो. या वेळचा बहार हंगामाआधी येतो, पण त्याची फुले-फळे मार्च-एप्रिल-मेच्या उन्हात सापडतात. जिथे पारा चाळिशीच्या वर जातो, तिथे कळी गळणे आणि फळ-फांदी भाजणे हा धोका मोठा. सावलीची जाळी आणि पाण्याची खात्री नसेल तर ही दुसरी कड सोडून द्यावी.

दिवे कसे लावावेत

बाग निदान तीन वर्षांची, खांबाच्या वरच्या चकतीवरून फांद्या चांगल्या लोंबलेली असावी. कोवळ्या बागेत दिवे लावू नयेत.

दिवे नऊ-दहा वॅटचे, पिवळसर उजेडाचे घ्यावेत. निळसर पांढऱ्या उजेडात तांबडा भाग कमी असतो. दिवा दोन खांबांच्या मधे, लोंबत्या फांद्यांच्या उंचीला, जमिनीपासून चार-पाच फुटांवर टांगावा. उंच टांगलेल्या दिव्याचा उजेड वरच्या फांद्यांवर अडतो आणि खाली अंधार राहतो. फांदीच्या ज्या बाजूला उजेड पडत नाही तिला निरोपही पोचत नाही.

वेळ रात्री दहा ते दोन. टायमर बसवला म्हणजे उठावे लागत नाही. पंधरा ते वीस रात्री सलग उजेड द्यावा. मधेच चार रात्री वीज गेली तर पुन्हा मागे पडल्यासारखे होते. कळ्या दिसू लागल्या की त्या फुटीसाठी दिवे बंद करावेत. कळी दिसल्यापासून फूल उमलायला साधारण अडीच-तीन आठवडे आणि फुलापासून फळ तयार व्हायला हंगामात महिनाभर लागतो. थंडीत दहा-पंधरा दिवस वाढतात. ऑक्टोबरच्या सुरुवातीला दिवे लावले तर फळ डिसेंबरअखेर किंवा जानेवारीत हाती येईल, असा अंदाज धरावा.

निवडुंगाला पाणी लागत नाही, हा समज मात्र डोक्यातून काढून टाका. निवडुंग आपली छिद्रे दिवसा मिटून रात्री उघडतो. त्यामुळे त्याचे पाणी कमी उडते आणि माळावर तो तग धरतो. पण तग धरणे वेगळे आणि फळ पोसणे वेगळे. बहार धरलेल्या बागेला ठिबकने थोडे-थोडे पाणी नियमित हवे, शिवाय शेणखत आणि वरखतांचा हप्ताही हवा. पाणी साचू मात्र देऊ नये, मुळ्या कुजतात.

रात्रीची पाळी कोणाची?

पांढऱ्या गराचे आणि लाल गराचे काही वाण स्वतःच्याच परागाने फळ धरतात. काही लाल वाणांना दुसऱ्या वाणाचा पराग लागतो. सकाळी फूल मिटण्याआधी मधमाश्या येऊन हे काम करतात. थंडीच्या दिवसांत माश्या उशिरा बाहेर पडतात आणि कमी येतात. अशा वेळी मऊ कुंचल्याने पराग घेऊन फुलातल्या मधल्या दांड्याच्या टोकाला लावावा लागतो. हे काम रात्री आठनंतर किंवा पहाटे करायचे असते.

दिव्यांचा हिशेब करताना पुष्कळदा हे काम कोणी धरतच नाही. मग ते घरातल्या बाईच्या अंगावर पडते. दिवसभराचे काम उरकून तिने पुन्हा रात्री कुंचला घेऊन रानात जायचे. तेव्हा दिवे लावायचे ठरवताना चूल सांभाळणारीलाही विचारा. तिच्या रात्रीच्या तासांची मजुरीही वहीत मांडा.

दिव्यावर किडे येतात, किड्यांमागे बेडूक आणि बेडकांमागे साप. रात्री बागेत जाताना पायात बूट आणि हातात बॅटरी हवीच. ओल्या रानात वायर जमिनीवर टाकू नका. जोड उघडे ठेवू नका. होल्डर पावसात चालणारे घ्या. खांबावरच्या लोखंडी कड्याला वायर बांधू नका. चांगले अर्थिंग आणि गळती होताच वीज तोडणारा आरसीसीबी ब्रेकर बसवल्याशिवाय एकही दिवा पेटवू नका. एका हंगामाच्या फळापायी घरातला माणूस गमावण्याइतके महाग काही नाही.

विजेचा हिशेब

एकरात साडेचारशे खांब आणि दर खांबामागे एक दिवा धरू. नऊ वॅटचे साडेचारशे दिवे म्हणजे सुमारे चार किलोवॅट. रात्री चार तासांना सोळा युनिट आणि वीस रात्रींना सव्वातीनशे युनिट. हेच दिवे जुने ६० वॅटचे असते तर २१६० युनिट लागले असते. तुमच्या बिलावरचा दर घालून रुपये काढा.

यात एक मोठी अडचण आहे. शेतीपंपाची वीज ठराविक तास येते. काही ठिकाणी दिवसा, काही ठिकाणी पाळीने रात्री. सौर पंप बसवला असेल तर रात्री त्याचा उपयोग नाही. तुम्हाला रात्री दहा ते दोन, वीस दिवस न चुकता वीज मिळेल का? शिवाय पंपाची जोडणी पंपासाठी असते. तिच्यावर चार किलोवॅटचे दिवे चालतील का आणि कोणत्या दराने, हे वीज कार्यालयात आधी लेखी विचारून घ्या. दिवे आणल्यावर विचारण्यात अर्थ नाही.

आधी वीस खांब

आता त्या कर्जाच्या प्रश्नाकडे येऊ. एकरभर दिव्यांसाठी पहिल्याच वर्षी कर्ज काढू नका. बागेतले चांगले वीस खांब निवडा आणि वीस दिवे लावा. त्यांना वीस रात्रींत जेमतेम पंधरा युनिट वीज लागेल. मधे दोन ओळी सोडून तशाच जोमाचे दुसरे वीस खांब अंधारात ठेवा. खत-पाणी दोघांना सारखे.

हे अंधारातले खांब फार महत्त्वाचे. ऑक्टोबरात हंगामाची उशिरा येणारी फुले दिव्याविनाही निघतात. तुलनेला काही ठेवले नाही तर ती सगळी दिव्याच्या नावावर जमा होतात आणि आपण फसतो. मुलांना एक वही द्या. दोन्हीकडच्या कळ्या, फुले, फळे आणि वजन रोज लिहायला सांगा. मुले हे काम हौसेने करतात.

दिव्याकडच्या फळातून अंधाराकडचे फळ वजा करा. उरले ते दिव्याचे. समजा दिवे, वायर, टायमर यांचा एका वर्षाचा हिस्सा, वीज, खत आणि रात्रीची मजुरी मिळून सहा हजार रुपये झाले आणि खर्च-दलाली जाऊन किलोला शंभर रुपये हाती पडले, तर साठ किलो फळ जास्तीचे निघाले तरच बरोबरी होते. म्हणजे खांबामागे तीन किलो. हे आकडे केवळ रीत दाखवण्यासाठी घेतले आहेत. तुमचे आकडे तुमच्या वहीतून घाला.

आणि वही लगेच मिटू नका. पुढच्या पावसाळी हंगामात त्याच दोन्ही वीस-वीस खांबांचे फळ पुन्हा मोजा. दिव्याच्या झाडांनी हंगामात कमी दिले तर तेवढे वजा करा. हिवाळ्यात मिळालेले पावसाळ्यात गेले तर नफा कसला? या हिशेबानंतरही वहीत शिल्लक दिसली तर पुढच्या वर्षी दिवे वाढवा. मग कर्जसुद्धा डोळे उघडे ठेवून काढता येईल.

बारामतीजवळ माळेगाव येथे राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्था आहे. हलक्या, मुरमाड जमिनीत ड्रॅगन फ्रूट कसे घ्यावे यावर तिथे काम झाले आहे. तिकडे एकदा जाऊन या, किंवा जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात विचारा. विक्रेत्याकडून दिवे घेण्याआधी ज्याने मागच्या वर्षी दिवे लावले आहेत अशा शेतकऱ्याच्या बागेत स्वतः जा. त्याला किती फळ आले हे तर विचाराच, पण त्याच झाडांना पुढच्या हंगामात किती आले हेही विचारायला विसरू नका.

अंगणातल्या ब्रह्मकमळाला फूल आले की आपण रात्रभर जागतो, कारण ते वर्षातून कधीतरी येते. रानातल्या त्याच्या भावाला आपण मागू तेव्हा फुलायला लावायचे तर एका बहारात त्याच्याकडून किती मागायचे हे वहीत पाहून ठरवा. यंदाच्या सप्टेंबरात वीस खांबांवर खूण करून ठेवा.